फानसाहेबांच्या रिकाम्या खाचा

माणूस मर्त्य आहे, म्हणूनच तो पुढची जागा राखून ठेवतो. थोरांनी हे बऱ्याच जड शब्दांत सांगितलं असेल. तैपेईच्या क्वांगह्वा या संगणकांच्या बाजारात ते मदरबोर्डाच्या खोक्यावर छापलेलं मिळतं, आणि तेही रंगीत.

तैपेईत मदरबोर्ड म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. इथे दर घरामागे एक मेव्हणा मदरबोर्डाच्या कारखान्यात कामाला असतो (उरलेल्या घरांत दोन). तरी ज्यांना असा मेव्हणा नाही त्यांच्यासाठी सांगतो: संगणकाच्या पोटातली ही एक पाटी. बाकी सगळं तिच्यावर खोचायचं. पाटीवर खाचा जितक्या जास्त, तितका संगणक पुढे वाढवता येतो. आणि वाढवता येणारा संगणक हाच विचारी गृहस्थाचा संगणक, याबद्दल आमच्या चुंगहो भागात दुमत नाही.

आमच्या इमारतीतले विचारी गृहस्थ म्हणजे फान चिपिन. नगर कार्यालयात ते जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या खिडकीवर बसतात, त्यामुळे दूरवरचं पाहायची सवय त्यांना नोकरीतच लागली. घरच्या संगणकाकडून त्यांची अपेक्षा माफक होती: विजेचं बिल भरणं, कॅनडातल्या मुलीचे फोटो बघणं आणि पत्ते खेळणं. ही तिन्ही कामं त्यांच्या फोनवर होत होती. पण फोनला खाचा नसतात.

फानसाहेबांची खरेदीची पद्धत सार्वजनिक हितासाठी इथे नोंदवतो. आज लागणारी वस्तू घेऊ नये, कारण ती आजच कामाला लागते आणि जुनी होते. मेमरीच्या चार खाचा असलेला बोर्ड घ्यावा आणि एकच भरावी. (चारही भरल्या तर पुढे वाढवणार काय?) खाचा चार म्हणून पॉवर सप्लाय मोठा. पॉवर सप्लाय मोठा म्हणून तो तापणार, तेव्हा पंखे सहा. पंखे सहा म्हणून कॅबिनेट असं, की लिफ्टमधून ते एकटंच वर आलं आणि फानसाहेब जिन्याने.

"साहेब, विजेचं बिल भरायला एवढा मोठा पॉवर सप्लाय?" दुकानदार तांगने विचारलं. तांगला सचोटीचे झटके अधूनमधून येत, विशेषतः पावती फाडून झाल्यावर.

"आज बिल आहे. उद्या काय येईल सांगता येतं का?"

"उद्याही बिलच येईल, साहेब."

"हो, पण मोठं येईल," फानसाहेब म्हणाले, आणि या बाबतीत ते बरोबर ठरले असते. पण त्यासाठी यंत्र सुरू व्हावं लागतं.

ते होत नव्हतं, कारण दरम्यान जग पुढे जात होतं. बोर्ड आला आणि मेमरीची जात बदलली. नवी मेमरी घ्यावी तर नवा बोर्ड. नवा बोर्ड आला तोवर प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाच्या मेंदूचं, बूड बदललं होतं. सुरू होण्याआधीच तीनदा अपग्रेड झालेला संगणक आमच्या भागात हा एकच. बाकीच्यांचे चालू आहेत, म्हणजे त्यांची वाढ तिथेच खुंटली.

हा सगळा संसार जेवणाच्या गोल टेबलावर मांडलेला होता. हात लागला तर अंगातल्या विजेने सुटे भाग मरतात, असं फानसाहेबांचं म्हणणं. त्यामुळे ते आणि त्यांची बायको सूइंग इस्त्रीच्या फळीवर ताटं ठेवून उभ्याने जेवत. सूइंगने पहिलं वर्ष समजुतीत काढलं, दुसरं टोमण्यांत. तिसऱ्या वर्षी ती पाहुण्यांना टेबल दाखवून नुसतं म्हणे, "हे आमचं भविष्य. सरकून बसा."

आणि मग चियाईहून फानसाहेबांच्या आईंचा फोन आला.

चांद्र वर्ष संपतानाचं रात्रीचं जेवण थोरल्या मुलाकडे व्हायचं, ही घराण्याची रीत. "आ-पिन, ऐकतोस ना? मी इस्त्रीच्या फळीवर जेवणार नाही," आई म्हणाल्या. "टेबल मोकळं नसेल तर धाकट्याकडे कीलुंगला जाते. त्याच्याकडे डोकं नाही, पण टेबल आहे."

फानसाहेबांचा चेहरा उतरला. थोरला असून धाकट्याच्या घरी पाहुणा म्हणून जेवायचं, म्हणजे जिवंतपणी आपल्याच खिडकीवर आपली नोंद करायची! त्यांनी ताबडतोब पेचकस हाती घेतला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी संगणक जुळून तयार झाला. राहिलं होतं फक्त हिरवं पाकीट. मक्याच्या कुरमुरीत खाऊचं हे पाकीट इथल्या प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर असतं, मग ते बँकेचं असो की इस्पितळाचं. त्यावरच्या नावाचा अर्थच 'गुणी बाळासारखं वाग' असा. पाकीट हिरवंच हवं, न फोडलेलं हवं आणि तारीख उलटलेली नको. मोठमोठे अभियंते हे पाळतात. जे मानत नाहीत तेही पाळतात, मानत नसल्याचं सांगत. फानसाहेबांनी सर्वांत मोठं पाकीट घेतलं होतं, पुढे कधी दुसरं यंत्र आलं तर पुरावं म्हणून.

संध्याकाळी आई आल्या, धाकटा आ-युआनही बायकोसह आला. टेबलावर कॅबिनेट उभं, डोक्यावर हिरवं पाकीट.

"झालं ना तयार? मग लाव बघू," आई म्हणाल्या. आज्ञाधारक फानसाहेबांनी बटण दाबलं. काहीही झालं नाही.

सगळ्यांनी, रीतीप्रमाणे, आधी पाकीट तपासलं.

"तारीख बघा!" सूइंग ओरडली. "अहो, हे पहिल्या बोर्डाबरोबर घेतलेलं! कधीच शिळं झालं!"

"वहिनी, म्हणूनच रुसलंय," आ-युआनने निदान केलं.

त्या दिवशी शहरभर कचेऱ्या बंद करताना लोक यंत्रांवर ताजी पाकिटं ठेवून जातात, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त पिवळी उरली होती. पिवळ्याने यंत्र बिघडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. शेवटी आ-युआन स्कूटरवरून पुलापलीकडे गेला आणि हिरवं घेऊन आला. तोवर सूप दोनदा गरम झालं. नवं पाकीट ठेवलं, सगळे दोन पावलं मागे सरले, बटण दाबलं. काहीही झालं नाही.

"दादा," आ-युआनने विचारलं, "प्रोसेसर कुठला घातलायस?"

"तो पुढच्या वर्षी येतोय," फानसाहेब शांतपणे म्हणाले. "आत्ताच घालून जागा कशाला अडवू?"

"म्हणजे तुला माहीत होतं चालणार नाही?"

"आईने दाबायला सांगितलं, दाबलं."

फानसाहेबांनी टेबलावर यायच्या वाटेवर असलेल्या अख्ख्या वाफवलेल्या माशाकडे बोट दाखवलं. "आई, आजच्या जेवणात मासा संपवायचा नाही, थोडा पुढच्या वर्षाला शिल्लक ठेवायचा, हे तूच शिकवलंस. माझ्या खाचा म्हणजे तेच."

"शिल्लक मासा आपण सकाळी खातो, मेल्या!" आई म्हणाल्या. "तुझ्या खाचा कोण खाणार, मुंग्या?"

मग त्यांनी बाह्या सावरल्या, कॅबिनेटचं दार उघडलं आणि गावाहून आणलेली टोपलीभर संत्री त्यात रचली. दोघा भावांनी ते उचलून गच्चीत धुण्याच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवलं. टेबल मोकळं झालं, जेवण थोरल्याकडेच झालं, अब्रू राहिली. संत्री सहा पंख्यांच्या जाळ्यांमुळे छान हवेशीर राहिली, आणि मासा वाढताना फानसाहेबांनी आ-युआनला हळूच सांगितलं, "बघितलंस? आख्खी टोपली मावली, तरी जागा उरलीच."

वाचक हसले असतील तर माझी हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर आपल्या घराच्या गच्चीवर एक चक्कर मारून यावं. वडिलांनी वरच्या मजल्यासाठी म्हणून खांबांतून बाहेर ठेवलेल्या त्या सळया अजून तशाच उभ्या असतील. गंजल्या असतील तर काळजी नको. त्यांच्या टोकांवर पालथ्या घातलेल्या बाटल्या तेवढ्या बदलाव्यात. फानसाहेब त्यालाच अपग्रेड म्हणतात.