दौलतभाऊंना नाही म्हणणं

आमच्या शेजारचे दौलतभाऊ स्टुलावर चढत नसत. त्यांच्या घरातला बल्ब गेला की तुझ्या आजोबांना हाक यायची, "भाऊ, जरा या ना. मी पडलो-बिडलो तं?" संध्याकाळनंतर दही वर्ज्य. आठळी गिळली जाईल म्हणून बोरं वर्ज्य. उतार आला की सायकलवरून उतरून ती हाताने धरून चालत. आणि असा हा माणूस दर पावसाळ्यात एकदा, कन्हान नदीला पूर आला की, या काठावरून त्या काठाला पोहून जात असे!

ही सत्तरच्या दशकातल्या नागपूरची गोष्ट. दौलतभाऊ घड्याळं दुरुस्त करत आणि एकटे राहत. पुराची बातमी आली की धुतलेली टोपी घालून घरोघरी निरोप घ्यायला निघत. लोक हौसेने नारळ देत, पाठ थोपटत. सगळ्यात शेवटी आमचं घर.

"वहिनी, जाऊन राहिलो मी. जाऊ ना?"

"नाही."

मग ते खुर्ची ओढून बसत. मी चहा ठेवी आणि एकेक मुद्दा मांडी.

"तुम्ही बुडालात तर नावाडी तुमच्यामागे उडी घेतील. त्यांच्या जिवाचं काय?"

"जीव माहा, धोका बी माहा. त्याइचा काय संबंध?"

"त्यांना विचारलंत?"

पुढच्या वर्षी ते खटला जिंकल्यासारखे आले. "इचारलं, वहिनी! थे म्हनले, आमी काय पागल आहो का तुमच्यामांगं उतराले? आता बोला."

मी दुसरा मुद्दा काढला. माझ्याकडे पुष्कळ होते. ते मन लावून ऐकत, दोन कप चहा पीत आणि जाऊन पोहतच. मला राग यायचा. ऐकायचंच नाही तर विचारता कशाला?

एका वर्षी तुझ्या आईला टायफॉइड झाला. चार दिवस मी तिच्या उशाशी होते. दौलतभाऊ दारात आले, "जाऊ ना?" मी मान न वळवता म्हणाले, "जा. जीव तुमचा, मर्जी तुमची."

दुपारी तिचा ताप उतरला, तेव्हा आपण काय बोललो ते ध्यानात आलं. आजोबांना स्कूटरवरून कन्हानला पिटाळलं.

दौलतभाऊ काठावर बसले होते, कोरडे. भोवतीची माणसं चिडवत होती, "काहून गा दौलत, भेला का?"

आजोबांना पाहून ते म्हणाले, "औंदा वहिनी नाही म्हनल्याच नाहीत, भाऊ. सुमन होती तवा दारात आडवी व्हायची." सुमन म्हणजे त्यांची वारलेली बायको. "ती गेल्यावर वहिनी होत्या. आज पानी पाहून भेव वाटून राहिलं. पल्याड जाईन मी. पन वापस कोनाकडं येऊ?"

संध्याकाळी आजोबा त्यांना घेऊन आले. मी तासभर खडसावलं, एकही मुद्दा सोडला नाही. दौलतभाऊ मान खाली घालून ऐकत होते. इतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निखिल, तुझं पत्र काल मिळालं. पुढच्या महिन्यात तू पॅराशूट बांधून विमानातून उडी मारणार आहेस. तू कळवलंस, विचारलं नाहीस. इतक्या लांबून माझं कोण ऐकणार, हेही मला समजतं. तरी सांगते, नाही. कारणं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत. सगळी वाच.