दानियल मास्तरांचे दोन तास

आमच्या मंडळीचे सचिव दानियल मास्तर प्रत्येक गोष्टीची तालीम घेतात. लग्नाची घेतात ते एक वेळ समजू शकतं. पण हा माणूस दफनविधीचीही तालीम घेतो. सकाळी मयत उचलायची असेल, तर आदल्या संध्याकाळी चौघांच्या खांद्यावर रिकामी शवपेटी देऊन त्यांना कबरस्तानापर्यंत चालवतात आणि वळणावर ओरडतात, “सावकाश बे! स्वर्गात जायचंय, एसटी धरायची न्हाई!” कोणी कुरकुर केली की ठरलेलं वाक्य: “आधी तालीम, मग आमेन.”

बीडच्या आमच्या त्या चर्चमध्ये मी हार्मोनियम वाजवतो. सेवक म्हणावेत असे आम्ही पाचच. पाळकसाहेब, घरोघरी जाऊन वचन वाचणाऱ्या बायबलबाई सुंदराबाई, शिपाई याकोब, मास्तर आणि मी. नव्यानेच आलेले तरुण पाळकसाहेब एकदा म्हणाले, “वर्षातून एक दिवस आपण सगळ्यांनी बाहेर जायला हवं. रिट्रीट करू.” झालं! मास्तरांच्या अंगात आलं. त्यांचा जुना विद्यार्थी बब्रुवान, त्याचा नेकनूरजवळचा मळा ठरला. मास्तर दोनदा एसटीने जाऊन आले. पहिल्यांदा थांबे मोजायला आणि दुसऱ्यांदा ऊन कोणत्या खिडकीतून येतं ते बघायला.

मग फुलस्केप कागदावर वेळापत्रक आलं. पहिलंच कलम होतं, ‘हसतखेळत ओळख’.

“मास्तर, आपली पंधरा वर्सांची वळख हाय की,” सुंदराबाई म्हणाल्या.

“वळख हाय, पर हसतखेळत न्हाई.”

सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे रकाने गच्च भरलेले. पाळकसाहेबांनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “यात मौन कुठंय? दहा ते बारा मला मौन हवंय. कोणी कोणाशी बोलायचं नाही.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “दोन तास? कावून? प्रभूनं तोंड कशासाठी दिलंय मंग?” त्यांनी अर्ध्या तासावर आणायचा प्रयत्न केला. मौनात गाणी चालतील का, तेही विचारून पाहिलं. पाळकसाहेब हलले नाहीत. बाहेर पडल्यावर मास्तरांनी माझा दंड धरला. “तुमी सांगा ना त्यांना. दोन तास लई होत्यात हो. मी येतच न्हाई, बघा.” मी हसण्यावारी नेलं. बडबड्या माणसाची तोंड बंद ठेवताना होणारी अडचण, असंच मला वाटलं.

आले मात्र. आणि नियमही त्यांनीच केले. घंटा त्यांच्याजवळ राहणार. ती वाजेपर्यंत एक शब्दही नाही. विंचू निघाला तरी खुणेनं सांगायचं. आधीच्या रविवारी चर्चमधल्या बाकांची एसटी करून त्यांनी सगळ्या दिवसाची तालीम घेतली. याकोब कंडक्टर झाला. दहा वाजताचं कलम आलं तेव्हा मात्र मास्तरांनी कागद उलटला. “त्याची तालीम न्हाई. फुडं चला.”

मळ्यात पोचलो. ओळख झाली, हसतखेळत. दहाला चिंचेखाली सतरंजीवर मौन सुरू झालं. थोड्या वेळाने मी डोळे उघडले, तर मास्तर जागेवर नव्हते. घंटा तेवढी सतरंजीवर होती. आणि पलीकडे, विहिरीच्या काठाशी, त्यांच्या चपला होत्या. नीट जोडीने ठेवलेल्या.

‘दोन तास लई होत्यात’ म्हणताना त्यांनी माझा दंड किती घट्ट धरला होता, ते आत्ता जाणवलं. मी याकोबला हलवलं, चपला दाखवल्या. तो पांढराफटक पडला आणि पालथा पडून विहिरीत वाकून बघायला लागला. सांगायला लाज वाटते, पण आम्ही कोणीही बोललो नाही! मी पाळकसाहेबांना विहिरीकडे हात करून खुणावलं. त्यांना वाटलं मला तहान लागलीय. ते लगबगीने तांब्या घेऊन आले. शेवटी सुंदराबाईंना राहवलं नाही. त्यांनी आकाश फाटेल अशी हाक मारली, “अहो मास्तर!”

ज्वारीपलीकडून खणखणीत आवाज आला, “बारा वाजले न्हाईत, बाई! मौन हाय!”

याकोब रडत होता की हसत होता, कळेना. पाळकसाहेबांनी तो तांब्या स्वतःच तोंडाला लावला. इतकं हायसं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

ज्वारीपलीकडे गोठ्याजवळ बब्रुवानचे म्हातारे वडील बाजेवर बसले होते आणि शेजारी अनवाणी मास्तर. चपला करकरतात, तुमचं मौन मोडेल, म्हणून वाटेतच विहिरीपाशी काढून ठेवल्या म्हणे.

भीती गेली तसा मला राग आला. “मास्तर, नियम तुमचाच ना?”

“नियम आपल्याला हाय. ह्या बाबांना कुठं हाय?” मग खाली बघत हळूच म्हणाले, “रागवू नका. मौन मला घरी रोजच हाय. आमची कारभारीण रूथ गेली त्याला तीन वर्सं झाली. पयले वट्ट्यावर चार माणसं तरी बसायची. आता केबल आलीय, दिवेलागणीला सगळी गल्ली दारं लावून घेती. एक दिस माणसांत यायचं, अन् तिथंबी गप बसायचं?”

पंधरा वर्षं मी यांच्या शेजारी बसून हार्मोनियम वाजवत होतो. गेल्या तीन वर्षांत एकदाही घरी जाऊन ‘कसे आहात’ म्हणालो नव्हतो.

पाळकसाहेब मातीतच मांडी घालून बसले. “बाबांना काय सांगत होतात?”

“रूथचं. भाकऱ्या थापताना ती गाणं म्हणायची, अन् हमखास सूर सोडायची. मी मास्तर ना, रोज दुरुस्त करायचो. एक दिस म्हणाली, आता तुमीच थापा भाकरी, मी बसून चुका काढते.”

ते थांबले. आमचं मौन मोडलं म्हणून ओशाळले आणि उठायला लागले.

“मग?” पाळकसाहेब म्हणाले. “थापली का?”

मास्तरांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. सुंदराबाई पदर सावरून बसल्या होत्या, याकोबनेही बूड टेकलं होतं. मास्तर पुन्हा बाजेवर बसले.

“लई दिसांनी कुणी ‘मग’ म्हणालं,” ते म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.