केळ्याची साक्ष

शमुवेल आबा जेवणाआधी देवाचे आभार मानतात आणि 'आमेन' म्हणताच तक्रार नोंदवतात. "प्रभू, घासाची नळी आणि श्वासाची नळी अगदी शेजारी-शेजारी. हे काही बरोबर नाही." मग शांतपणे भाजी वाढून घेतात. पंगतीत कुणाला ठसका लागला की आधी पाणी देतात आणि मग समाधानाने माझ्याकडे बघतात.

आबा अमळनेरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. रविवारची उपासना चुकवत नाहीत, गाणी बेसूर पण मनापासून गातात. फक्त कुणी देव सिद्ध करायला निघाला की त्यांचं डोकं फिरतं. "देवाला वकील लागत नाही," हे त्यांचं पालुपद. मधमाशीचं पोळं बघा, असं कुणी म्हणालं की ते जबड्यात न मावलेली अक्कलदाढ दाखवायला तोंड उघडतात. आमच्या पाळकांनी त्यांच्यासमोर मधमाशीचं नाव काढणं केव्हाच सोडलंय.

मी आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. माझा विश्वास तसा डळमळीत आहे आणि त्याची मला लाज वाटते. त्यामुळे पक्का पुरावा देणारा कुणी भेटला की मी हुरळतो. 'सृष्टीची बुद्धिमान रचना' या विषयावर बोलायला पुण्याचे वक्ते मीच बोलावले, तेही आबांना न विचारता.

वक्ते छान बोलत होते. मध्येच त्यांनी पिशवीतून केळं काढलं. खानदेशात येऊन केळं! ते मुठीत कसं बसतं, साल कशी अलगद निघते, पिकल्याचं रंगावरून कसं कळतं. निर्मात्याने माणसासाठीच घडवलेलं फळ. माझ्या अंगावर काटा आला. मागच्या बाकांवर मात्र चुळबूळ सुरू झाली. तिथली निम्मी माणसं केळीच्या बागेत वाढलेली.

"केळ्याची ही कथा, मग माणसाच्या देहाची काय?" वक्ते म्हणाले. "हात घ्या. पाय घ्या..."

आबा उभे राहिले. "पाहुणे, जंगली केळं खाल्लंय का कधी?"

पाहुण्यांनी खाल्लं नव्हतं. मग आबांनी सांगितलं की त्यात गरापेक्षा बियाच जास्त, चावलं तर दात जायचा. हे बिनबियांचं केळं माणसांनी निवडून, बुंध्याशी फुटणारे मुनवे लावून लावून पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. आबांचे वडील चोपड्याकडे केळीच्या बागेत जन्मभर राबले. त्या आठवणीने आबा घरच्या बोलीत घसरले. "बठ्ठं देवनी करं, तं मना बापनी काय करं?"

सगळं देवानेच केलं, तर बापाने काय केलं, या प्रश्नावर सभा हसली, वक्तेही हसले. पण आबा बसेनात. मुनव्यांवरून खतावर, खतावरून करपा रोगावर, असे ते बोलतच राहिले. शेवटी पाळकांनी समारोपाची प्रार्थना उरकली.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो की प्रश्न शेवटी विचारता आला असता.

"शेवटी काय उपयोग? तो केळ्यावरून पायावर येत होता," आबा हळू आवाजात म्हणाले. "एकेक पाय देवाने ठरवून घडवला, असं म्हणणार होता. रूथ समोर बसली होती."

रूथ त्यांची मुलगी, बँकेत नोकरीला. तिचं एक पाऊल जन्मापासून आत वळलेलं आहे. रोज पाहून पाहून मला ते दिसेनासंच झालं होतं.

"तिचा पाय देवाने मुद्दाम तसा घडवला, हे कुणी मला सिद्ध करून दिलं," आबा म्हणाले, "तर मी प्रार्थना कुणाजवळ करू?"

तेवढ्यात रूथ रिक्षा घेऊन आली. "पप्पा, घालवलीत ना सभा वाया," ती हसत म्हणाली. "बिचारे पाहुणे. केळं हातातच राहिलं त्यांच्या."

"बोलायला लागलो की भान राहत नाही बघ," आबा म्हणाले आणि दोन्ही कान पकडून तिच्या शेजारी जाऊन बसले.