सरकारांच्या शेवटल्या बियरीस बुरशी लागली त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, कुलस्वामिनीचे स्मरण धरून, घडले तैसे लिहिले जाते. शके एकोणीसशे अकरा, शुक्लनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एका विलीन जाहलेल्या संस्थानाचे धनी सरकार मानसिंगराव आजारी पडले आणि वैद्याने होळीचा भरवसा दिला नाही. सरकारांस आपल्या हाते बियर करण्याचा मोठा षौक. पूर्वी मुदपाकखान्यात जव शिजू लागले म्हणजे देवडीपर्यंत गोड वास जाई आणि पाहुणे बोलावल्यावाचून येत. आता अन्न जाईना, तरी म्हणो लागले, "आपल्या हातचा एक पेला प्यावा, मग खुशाल जावे." मग भिंत धरून उठले, जव शिजविले, रसात यीस्ट घातले, आणि रस आंबून निवळला तेव्हा अंगी त्राण उरले नाही. बाटल्या भरण्याची कामगिरी राणीसाहेब सगुणाबाईंवर पडली आणि हुकूम जाहला की, "बाटल्या जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्याने विसळाव्या, पालथ्या घालून निथळू द्याव्या, आत काही घालू नये."

बाईसाहेबांचा जन्म लोणची घालण्यात गेला. बरणीत थेंब राहिला की बुरशी आलीच, हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकविलेले. बाटल्या निथळल्या तरी आत ओल दिसे आणि बाईंस राहवेना. मग फडताळातून जुन्या धोतराचा मऊ फडका काढिला, काडीस गुंडाळिला आणि एकेक बाटली आतून पुसो लागल्या.

जुना हुजऱ्या धोंडजी म्हणाला, "आईसाहेब, सरकार नको म्हणाले होते."

"सरकारांनी कधी बरणी भरली आहे काय? तू बुचे आण."

पौष सरला आणि सरकारांसमोर बाटली उघडिली, तो गळ्याशी पांढरी साय आणि तीवर हिरवट लव. दुसरी तैशीच, तिसरी तैशीच, आणि दालनभर ओल्या गोणपाटाचा वास.

सरकारांनी पुसिले, "बाटल्यांत फडका कोणी घातला?"

धोंडजी म्हणाला, "माझ्या हातून घडले, सरकार."

"तू? तू आपले तोंड तरी पुसतोस काय?"

मग बाई म्हणाल्या, "मी घातला. धुतलेला होता हो! लोणच्याला तोच तर..."

"सगुणा, लोणच्याला मीठ आहे, तेल आहे, फडक्यातली बुरशी तेथे मरते. या बियरीच्या पाठीशी कोण?"

"जव पुष्कळ आहेत. पुन्हा चढवू."

सरकारांनी आपले हात पांघरुणावर ठेवून पाहिले. मग म्हणाले, "पेल्यात ओत. पीत नाही. उजेडाकडे धर." बाईंनी धरिला. "रंग बरा उतरला," म्हणोन सरकारांनी कूस पालटली. बाई तैशाच उभ्या राहिल्या. ओतून टाकावा तर त्यांच्या हातचा शेवटला, ठेवावा तर नासका.

फाल्गुन लागण्याआधी सरकार कैलासवासी जाहले. बाईसाहेबांनी पुढे लोणचे घातले नाही. हकीकत इतकीच.