आमची नर्सरी नकाशावर येते

नर्सरी नेटवर टाकायची हे मी अमरावतीहून परतताना एसटीतच ठरवून टाकलं. तिथे दिवसभराचं शिबिर होतं, जेवण फुकट होतं (म्हणूनच गेलो होतो), आणि टाय घातलेल्या एका तरुण सरांनी आम्हाला डिजिटल मार्केटिंग शिकवलं. "जो नेटवर दिसत नाही, तो धंद्यात नाही," असं ते म्हणाले. शेंदूरजनाघाटात आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी वडिलांच्या काळापासून आहे, पण सरांच्या मते ती नव्हतीच. हे माझ्या फार मनाला लागलं.

त्यात यंदा कठीण होतं. पावसाने दोन वर्षं दगा दिलेला, विहिरी आटलेल्या, लोक उभ्या बागा तोडून लाकूड विकत होते. नवीन कलमा लावणार कोण? माझ्या कलमा पिशव्यांमध्ये उभ्या राहून राहून पोक्त झाल्या होत्या. आणि जानरावांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, त्या जागेवर विटाभट्टी टाकायची होती.

"या पावसाळ्यात कलमा गेल्या तर ठीक, नाईतर जागा जानरावले देऊन टाका," असं बायकोने, माणिकने, मला बजावलं होतं. ज्या मातीत मी लहानपणापासून कलमा बांधल्या, तिच्या विटा पडणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं (नाश्ता जात होता).

नर्सरीत फोनला रेंज येत नाही. ती येते आमच्या घरी, ओसरीवर, खाटेवर भिंतीला टेकून बसलं तर. म्हणून मी तिथेच बसून नाव भरलं, नंबर भरला, कलम हातात धरलेला माझा फोटो टाकला. मग फोनने जागा विचारली आणि आपणच नकाशावर एक निळा ठिपका दाखवला. काय हुशार यंत्र आहे, असं म्हणून मी ठिपक्यावर बोट दाबलं.

नकाशा माणिकला दाखवला. ती म्हणाली, "हे तं आपलं घर दिसून राह्यलं."

"तुले नकाशातलं कळते काय?" मी म्हणालो. (हे वाक्य मला अजूनही ऐकवलं जातं.)

आठवडाभरात दारात जीप थांबली. मी न्हाणीत होतो. बाहेर येऊन पाहतो तो खाटेवर तीन जण बसलेले, पाणी पिऊन झालेलं. बार्शीटाकळीचे आहेत म्हणाले. माणिकचं माहेर तिकडचंच, तेव्हा हे तिचे पाहुणे हे उघड होतं. आणि त्यांतल्या वडीलधाऱ्या पंजाबरावांनी दारात "शेषराव हायेत काय?" असं माझ्या नावाने विचारलं होतं, तेव्हा हे माझे पाहुणे हे माणिकला उघड होतं.

आता आमच्याकडे पाहुण्याला 'का आलात' असं विचारता येत नाही. आणि पाहुणाही चहाची बशी खाली ठेवल्याशिवाय कामाचं बोलत नाही.

"घर सापडलं ना बरोबर?" मी म्हणालो.

"फोननं दारात आणून सोडलं."

"तिकडं पाऊस?"

"आला, पण मन लावून नाई आला." पंजाबरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "जागा मोठी हाये म्हणे तुमची?"

"मोठी कायची? तीन खोल्या अन् मागं न्हाणी."

"मंग सारं मावते कसं?"

"मावते. माणिकनं मांडणीच तशी केली हाये."

ते विचारात पडले. तेवढ्यात चहा संपला, पण बशी खाली ठेवायच्या आत माणिकने पोहे आणले. पोह्यांनंतर वांग्याची भाजी आणि भाकरी. नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ते जेवले. जेवल्यावर जरा लवंडले. उन्हं कलली तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. निघताना माणिकने रीतीप्रमाणे तिघांना दुपट्टा-टोपी दिली.

जीपमध्ये बसता बसता पंजाबराव म्हणाले, "लई पाहुणचार झाला, शेषराव. आता इतकं खाल्ल्यावर तुमच्यासंग भाव कोण्या तोंडानं करावा? कलमा आमी रस्त्यावरच्या नर्सरीतून घेऊन टाकतो."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं उभेच होतो.

"हे तुमचे पाहुणे नवते?" माणिकने विचारलं.

"मले वाटलं, तुह्या माहेरचे."

मी ठिपका सरकवायला बसलो. फोन म्हणाला, विनंती तपासणीसाठी पाठवली आहे, धीर धरा. तोवर काय करायचं? मी ठरवलं, जो येईल त्याला पाण्याआधीच विचारायचं. दोन दिवसांनी पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ ओसरी चढले.

"बोला, कायच्यासाठी आले? किती पायजेत?"

ते माणिकचे मामा रामराव निघाले. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच लग्नात त्यांना पाहिलं होतं, ओळखणार कसा? त्यांनी अर्धी बाहेर काढलेली पत्रिका पिशवीत परत घातली. "काहीच नाई पायजे, बापू," म्हणाले, आणि स्टँडकडे चालू लागले. माणिक अनवाणी त्यांच्यामागे धावली आणि पत्रिका घेऊनच परतली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. त्याच संध्याकाळी जानराव मोजपट्टी घेऊन नर्सरीत शिरलेले मी पाहिले. तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं.

ते माणिकने पाहिलं असावं. सकाळी तिने माझ्याकडून बैलबंडी भरून कलमा आणवून ओसरीवर मांडल्या. मग कुणीही येवो, गिऱ्हाईक असो की नातेवाईक, ती पाणी द्यायची आणि एक कलम मांडीवर ठेवायची. "चहा होईस्तोवर हे पाहून घ्या." भाव मात्र ती चहानंतर सांगायची. चहा पिऊन झाल्यावर घासाघीस करायला कुणाची जीभ वळत नसे, आणि मांडीवरचं कलम खाली ठेवून उठणंही जमत नसे. पावसाळा सरेपर्यंत वाफे रिकामे झाले. जानराव आले, चहा प्याले आणि विटाभट्टीचा विषय न काढता कलमा घेऊन गेले.

मध्यंतरी ठिपका सरकवायला परवानगी आली. माणिक म्हणाली, "राहू द्या. नर्सरीत चहा कोठी मांडू?" आणि नेटचा सगळा कारभार तिने आपल्या फोनवर घेतला.

परवा कौतुकाने मी लोकांचे अभिप्राय वाचायला बसलो. सगळीकडे पाच तारे. एकाने मात्र चारच दिले होते. त्याने लिहिलं होतं, "कलमा जोमदार, चहा उत्तम, मालकीणबाई फार चांगल्या. ओसरीवर एक गृहस्थ बसलेले असतात, ते मधामधात बोलतात. एक तारा त्यांचा कापला."

खाली मालकांकडून उत्तर होतं, "सूचनेबद्दल आभार. आमचे प्रयत्न लग्नापासून सुरू आहेत."