पात्र उमेदवार आढळला नाही

खट्. बाळ झोपल्यावर घरभर पसरलेली दुपारची शांतता कीबोर्डच्या पहिल्या बटणाने मोडली. दादा, माझा मोठा भाऊ, कामाला बसला होता. काम अर्थातच माझं होतं.

दादाला जन्मापासून दिसत नाही. माझ्या कार्यालयात दृष्टिहीनांसाठी टंकलेखकाची एक जागा राखीव होती. त्याने अर्ज केला. परीक्षेत त्याच्यापुढे बारीक अक्षरांचा छापील कागद ठेवण्यात आला.

"कुणी वाचून दाखवलं तर लगेच टाइप करतो," तो म्हणाला.

"नियमात 'पाहून टाइप करावे' असं आहे," साहेब म्हणाले. "तुमच्यासाठी नियम वाकवला, तर बाकीच्या दृष्टिहीनांवर अन्याय होईल."

बाकीच्या दृष्टिहीनांनाही मग तसाच न्याय मिळाला. शेरा पडला: पात्र उमेदवार आढळला नाही.

अशा जागा का भरत नाहीत, याची कार्यालयाला रास्त चिंता वाटली. समिती नेमली गेली. समितीने चार बैठका घेतल्या. उगाच त्रास नको म्हणून एकाही दृष्टिहीनाला बोलावलं नाही. साहेबांनी अहवाल मोबाइलवर बोलून ठेवला आणि टाइप करायला माझ्याकडे सोपवला. साठ पानं, दोन दिवस आणि मांडीवर तापाने फणफणलेलं बाळ. मी फोन दादाच्या हातात दिला. म्हणून ते खट्.

ऐकता ऐकता तो हसला.

"काय झालं रे?"

"कारण पहिलं, उमेदवारांना कामाची हौस नाही. कारण दुसरं, घरच्यांचा पाठिंबा नाही." बोटं थांबली नव्हती. "काय गं, 'पाठिंबा' ठळक करू का?"

मी बाळाला थोपटत राहिले.

अहवालात एकही चूक निघाली नाही. साहेबांनी भर सभेत मला प्रशस्तिपत्र दिलं. "अशी माणसं मिळत नाहीत हो हल्ली," ते म्हणाले. दादाचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण मला कायम करण्याची फाइल त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होती. मी नम्रपणे मान खाली घातली. नम्रता फार सोयीची असते.

संध्याकाळी दादा म्हणाला, "प्रशस्तिपत्र वाचून तरी दाखवा की."

नुकतीच वाचायला शिकलेली माझी थोरली पुढे सरसावली. अक्षराखाली बोट ठेवत तिने सगळं वाचलं. माझं नाव आलं, साहेबांची सही आली, शिक्का आला. मग कागद उलटा करून तिने मागची कोरी बाजूही नीट तपासली.

"आई, मामाचं नाव कुठे लिहिलंय?"