कोनशिलेमागची वायर

खैरटोल्याच्या पाणीयोजनेचा पंप चैत्र सरता सरता बंद पडला, आणि तो बंद पडला आहे हे शासनाला मान्य नव्हतं.

यात शासनाचा दोष नव्हता. वैनगंगेच्या काठावरच्या पंपघरात मोटर चालवणारं एक पोलादी कपाट होतं, त्याला ड्राइव्ह म्हणत. हा ड्राइव्ह मोठा शिस्तीचा. भंडाऱ्यातल्या नियंत्रण कक्षाशी त्याचं वायरीतून आणि छतावरच्या अँटेनातून सतत बोलणं चाले, आणि बोलणं तुटलं की तो मोटर थांबवून लाल दिवा लावून बसे. वरिष्ठांशी संपर्क नसेल तर काम करायचं नाही, हे तत्त्व एका यंत्राला इतक्या कोवळ्या वयात उमगलेलं पाहून उद्घाटनाला आलेले अधिकारी भारावून गेले होते. कक्षातला पडदाही तसाच शिस्तीचा. नवी खबर येईपर्यंत तो जुनीच दाखवी. शेवटची खबर होती: पंप चालू, टाकी भरलेली. म्हणून खैरटोल्याला पाणी चालू होतं.

पंप ऑपरेटर संघपालनं फोन लावला.

"पंप चालू हाये तुमचा," पलीकडून शांतपणे उत्तर आलं.

"सायेब, मी पंपाजवळच उभा हाये. बंद हाये."

"तुम्ही पंपाजवळ उभे, मी पडद्यासमोर बसलेला. सरकार कोणाचं ऐकन?"

"मंग टँकर तरी पाठवा."

"भरल्या टाकीच्या गावाले टँकर? मले घरी बसवता का?"

मोटर हातानं चालवायची सोय ड्राइव्हमध्ये होती, पण तिला पासवर्ड होता आणि तो वर कुठंतरी होता. हातानं चढवलेलं पाणी पडद्यावर दिसत नाही, आणि न दिसलेलं पाणी लोक प्यायले तर जबाबदारी कोणाची, हे अजून ठरायचं होतं.

गाव संघपालच्या दारात आलं. सगळ्यांत पुढं बेबीबाई. नदीच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्यातून पाणी आणताना म्हातारी दरडीवरून घसरली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात टांगलेला.

"काहून रे संघपाल? पगार घेतेस अन् पाणी नाई देत?"

"मावशी, मशीनचं बोलणं तुटलं हाये."

"माह्या सुनेचं अन् माहं बोलणं दिवाळीपासून तुटलं हाये. तिनं सैपाक बंद केला का?"

लोक हसले. संघपालला हसता येईना. पाणी नाही चढलं तर पुढच्या वेळी दरडीवरून कोण घसरेल, हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि शिव्या कोणाला पडतील हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

तुमसरहून शाखा अभियंता भूपेंद्र स्वतःच्या मोटरसायकलवर आला. माणूस कामाचा होता. त्यानं ड्राइव्हचं संपर्ककार्ड बदललं, अर्थिंग घट्ट केलं, दोन्ही टोकांची जोडणी तपासली. मग मीटर घेऊन भिंतीत गाडलेली वायर हात-हात तपासत गेला. खाली कपाटापाशी वायर जिवंत. वर छताशी, अँटेनाच्या डबीपाशीही जिवंत. मध्येच मेलेली. आणि मध्ये, बरोब्बर मध्ये, उद्घाटनाची कोनशिला होती.

ती बाहेर लागायची होती. पण पाहुण्यांच्या गाड्या लवकर आल्या, बाहेरचं प्लास्टर ओलं होतं, आणि चकचकीत कपाटाजवळ फोटो बरा येतो असं कोणीतरी म्हणालं. घाईत ड्रिल फिरलं, पितळी स्क्रू वायरीत घुसला. थंडीभर वायरीचे तुटके धागे कसेबसे एकमेकांना धरून होते. उन्हानं भिंत तापली, त्यांनी हात सोडला.

"मंग काढू दगड," संघपाल म्हणाला. "चहा होईपर्यंत जोडतो वायर."

"वरून पहिलं नाव वाच."

संघपालनं वाचलं.

"आता सांग, माही बदली सिरोंच्याच्या जंगलात करतो का?"

भूपेंद्रनं रीतसर वर विचारलं. वरून उत्तर आलं की कोनशिलेवरील सर्व मान्यवरांची संमती असल्यास ती तात्पुरती काढण्यास हरकत नाही. पहिल्या मान्यवरांची हरकत नव्हती, फक्त दुसऱ्यांचं नाव कायमचं काढावं. दुसरे आता पहिल्यांच्या विरोधी पक्षात होते. त्यांना पुन्हा लावताना पहिल्यांच्या वरची जागा हवी होती. तिसरे वारले होते. त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा गेल्यावर तेवढीच एक जागा उरली हाये, तीही घेता का?" एका माजी सभापतींचं नाव कोनशिलेवर नव्हतंच. त्यांनी कळवलं, आधी माझं नाव घाला, मग काढायला मी संमती देतो.

भूपेंद्रनं समोरच्या भिंतीवरून नवी वायर टाकायचं सुचवलं. ते ताबडतोब मंजूर झालं. मात्र ते नवं काम ठरलं. नवं काम म्हणजे भूमिपूजन, भूमिपूजन म्हणजे नवी कोनशिला. तिच्यासाठी पंपघरात एकच भिंत मोकळी होती. समोरची.

तेव्हा भूपेंद्रनं स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "मी करडीच्या बसस्टँडवर चहा पिऊन येतो. आलो तवा पंप चालू दिसला, त मी काही इचारणार नाई."

संघपाल स्टुलावर चढला. पहिला स्क्रू निघाला तोच दारात माणसं जमली.

"काय करून राहिला रे?" बेबीबाई.

"पाणी चालू करून राहिलो, मावशी. हा दगड खाली आला का नळाले पाणी."

बायांनी तिथल्या तिथं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा सदस्य चिंधू, ज्याला मोठ्यानं वाचायची सवय होती, कोनशिलेच्या तळाशी वाकला.

"थांब बे! इथं आपलं नाव हाये. विनीत, समस्त गावकरी, खैरटोला."

टाळ्या थांबल्या.

"समस्त म्हंजे मीबी?" बेबीबाईनं विचारलं.

"तूबी, मावशी. मंत्र्यायच्या संग. एकाच दगडावर."

रेशनकार्डावर तिचं नाव चुकलेलं होतं, घरकुलाच्या यादीत आलंच नव्हतं. ती पुढं झाली आणि प्लास्टरचा हात कोनशिलेवर आडवा धरून उभी राहिली.

"उतर खाली."

"मावशी, जोडून झालं का पुन्हा लावतो ना!"

"सरकारी जागेवरून निघालेलं नाव पुन्हा लागलेलं पाह्यलं का तू कुठी?"

संघपालनं पाहिलं नव्हतं.

"पाणी नदीतबी हाये," बेबीबाई म्हणाली. "नाव कुठी हाये आपलं?"

गावानं मान डोलावली. चिंधूनं स्वतः उभं राहून तो स्क्रू परत आवळून घेतला, पहिल्यापेक्षा दोन आटे जास्त. दुसऱ्या दिवशी बाया नदीवर गेल्या. बेबीबाईनं घागर डाव्या हातात घेतली होती. भंडाऱ्याच्या पडद्यावर टाकी भरलेली होती.

स्क्रूड्रायव्हर पंपघरात टेबलावरच आहे, आणि काम अवघड नाही. देवळाच्या पायरीवर, विहाराच्या फरशीवर, शाळेला दिलेल्या पंख्याच्या पात्यावर किंवा चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर ज्यानं आपलं नाव कधी शोधलं नसेल, त्यानं खैरटोल्याला यावं. येताना पिण्याचं पाणी सोबत आणावं.